बिलोली तहानलेली, किनवट पाणीवाली

सर, स्मरणिकेतली दोन पानं माझ्याकडे आली आहेत. "काकांचं काम तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, ताई," असं तुमचा पुतण्या सुमेध म्हणाला, आणि मला नाही म्हणता आलं नाही. मला ते कधीच पटकन जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी नांदेडला, तुमच्या घराजवळच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. सुमेधचं भाषण तयार आहे. त्यातलं एक वाक्य त्याला माझ्या पानांतही हवं होतं. त्याच्यासारख्या वकिलापेक्षा संशोधन करणाऱ्या मुलीनं ते लिहिलं तर त्याला वजन येईल, असं त्याचं म्हणणं. वाक्य असं: 'सरांनी आयुष्यभर संशोधन करून सिद्ध केलं, की पिढ्यांनी सोसलेला छळ रक्तातून पुढच्या पिढीत उतरतो.'

तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "ज्वारीला रक्त कुठं असतं?"

मी थकले आहे, सर. फार काही केलेलं नाही, तरी थकले आहे. लातूरला प्रयोगशाळेत जाते, फ्रीझर चालू आहे ना बघते, तुमच्या खुर्चीवरची धूळ पुसते आणि कुलूप लावून परत येते. भेटणारे लोक विचारतात, "आता तुझ्या पीएचडीचं काय?" प्रश्न बरोबर आहे, पण तो ऐकला की मला कुठेतरी बसावंसं वाटतं. रडायला फारसं आलेलं नाही. ते एक बरं झालं, कारण मला लोकांसमोर रडता येत नाही, आणि तुम्ही गेल्यापासून सगळीकडे लोकच आहेत.

पहिल्या भेटीत तुम्ही मला विचारलं होतं, "डीएनए मेथिलेशन म्हणजे काय? मराठीत सांग." मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मला व्याख्या पाठ होती, पण ती इंग्रजीतच. मी गप्प राहिले. दुसरे कुणी असते तर पुढच्या उमेदवाराला बोलावलं असतं. तुम्ही चप्पल घातली आणि म्हणालात, "चल, मोंढ्यात जाऊन येऊ."

मला वाटलं, मुलाखत संपली. तुम्ही मला आडत बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्पीसमोर उभं केलंत आणि एका हमालाला हाक मारलीत.

"मामा, ह्या पोत्यात काय हाय?"

"तूर."

"अन् त्याच्यात?"

"त्याच्यात बी तूरच. घ्यायची हाय का?"

"मग हे उचलून राहिले अन् ते का सोडलं?"

"फुली हाय की त्याच्यावर खडूची. दिसंना का?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "झालं. पोत्यातला माल तोच. वर फुली पडली की ते पोतं कुणी उचलत नाही. पेशीतही असंच आहे. जनुक तोच असतो, त्यातलं एक अक्षरही बदलत नाही. वर एक बारीकशी रासायनिक खूण बसते आणि तो जनुक वाचला जात नाही. दुष्काळ पडला की झाड या फुल्या बदलतं. काही पुसतं, काही नव्या मारतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आता माझा प्रश्न ऐक. त्या झाडाला बी धरलं. ते बी पेरलं. आईच्या फुल्या लेकीच्या पोत्यावर येतात का? आणि नातीच्या?"

हमाल म्हणाला, "सर, घ्यायची नसंल तर बाजूला व्हा."

त्या दिवसापासून तुम्ही मला कॉन्व्हेंट म्हणू लागलात. "काय कॉन्व्हेंट, आज बोलणार का मौनव्रत?" मला राग यायचा आणि मी तो दाखवत नसे. पण त्या नावाखेरीज तुम्ही मला माझ्याविषयी फारसं काही विचारलं नाहीत, आडनावाची चौकशी तर कधीच केली नाहीत. ती न विचारल्याचे आभार मानायचे राहून गेले. असे आभार कुठल्या शब्दांत मानतात ते मला अजूनही माहीत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्वारीची दोन घराणी होती. मुळात एकाच कणसातून निघालेली, म्हणजे जनुकांनी सारखी. एकातल्या आजीला ऐन वाढीत तहानलेलं ठेवलं, दुसरीला पोटभर पाणी दिलं. त्यानंतर दोन्ही घराण्यांना भरपूर पाणी. दर पिढीला कणसं बाहेर पडायच्या सुमाराला त्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या, म्हणजे शेजारच्या ताटाचा पराग येत नाही. पिशव्या चढवताना तुम्ही पुटपुटायचात, "बुरखा घ्या बायांनो, पाहुणे वाईट आहेत."

लेकींमध्ये फुल्या सापडल्या. सगळ्या नव्हेत, पण सापडल्या. बियाण्यासाठी न ठेवलेल्या काही ताटांचं पाणी तोडून पाहिलं; तहानलेल्या आजीच्या लेकी जास्त दिवस तग धरत होत्या. तो पेपर छापून आला, तुमचं नाव झालं, आणि लोकांनी तुम्हाला ओळखलं ते तेवढ्यावर. सुमेधनेही तोच वाचलाय. पण तुम्हाला नातीचं उत्तर हवं होतं. एका पिढीचं काय, म्हणायचात, आई तहानली की बीसुद्धा वेगळं भरतं. खरी आठवण असेल तर ती नातीत दिसायला हवी.

आणि ती दिसावी असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. तुम्ही हे लपवलं नाहीत. "मला ते हवंय, म्हणून माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही," असं म्हणून तुम्ही बियाण्याची पाकिटं तुमच्या पत्नीच्या, काकूंच्या हवाली केलीत. कुठलं घराणं कुठलं ते काकूंनीच ठरवायचं, त्यांनीच नाव टाकायचं, आणि शेवटपर्यंत आपल्याला सांगायचं नाही. सगळीकडे अशा वेळी आकडे टाकतात. काकूंनी गावांची नावं टाकली. एका पाकिटावर बिलोली, दुसऱ्यावर किनवट.

पाकिटं पाहिल्याबरोबर तुम्ही कपाळाला हात लावलात.

"अगं, हे काय केलंस? नावं बदल. मला ओळखू आलं."

"काय ओळखू आलं?"

"बिलोली तुझं सासर अन् किनवट तुझं माहेर. माहेराला तू तहानलेलं ठेवणार हायस का?"

काकू भाकरी थापत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "एवढी वर्षं संसार केला, तवा न्हाई वळखलं माझ्या मनातलं. आज बरं वळखलं." आणि नावं बदलायला त्यांनी साफ नकार दिला. पुन्हा सगळं सांडून गोंधळ करायला वेळ नाही, म्हणाल्या.

प्रयोग तिथंच फसला असता. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातूनच माझ्याकडे वळून म्हणालात, "कॉन्व्हेंट, तुला हे आता कळलंय की नाही?" मी आतल्या खोलीतून नुकतीच आले होते. मला तुमचं बोलणं कळलं नव्हतं, आणि काकूंचं माहेर कुठलं तेही माहीत नव्हतं. "नाही," म्हटलं. "मग या पिढीची सगळी मोजणी तू करायचीस. मी हात लावणार नाही. आणि माझ्या बायकोशी माहेरच्या गप्पा मारायच्या नाहीत." काकूंशी मी एरवीही दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे, त्यामुळे ती अट पाळणं सोपं गेलं. दरम्यान तुम्ही दोन्ही घराण्यांना फक्त पाणी घालत राहिलात.

ते पाणी घालणं साधं नव्हतं. त्या उन्हाळ्यात लातूरला नळ आटले. कॉलेजची टाकी कोरडी पडली. तुमच्या तिथल्या गल्लीत टँकर यायचा, घागरींची रांग लागायची, आणि तुम्ही आपल्या वाट्याच्या पाण्याचे कॅन स्कूटरवर बांधून ज्वारीच्या जाळीघराकडे निघायचात. रांगेतला कुणीतरी ओरडायचा, "काय सर, कणसाला आंघोळ घालून राहिले का?" तुम्ही हात हलवायचात. काकू मात्र हसत नसत.

"माझं डोकं धुणं न्हाई कवापासून, अन् तुम्ही ज्वारीची तहान भागवून राहिले."

"ती तहानली तर प्रयोग बोंबलला."

"अन् मी तहानले तर?"

"तू प्रयोगात न्हाईस."

"हाव, ते तर लग्नापासूनच माहीत हाय."

मी जाळीघरात पाण्याचा मग घेऊन तुमच्यामागे चालायचे. ओल्या मातीचा वास यायचा आणि मला लाज वाटायची, की बाहेर माणसं रांगेत आहेत. तुम्हालाही वाटत असावी. तुम्ही एक थेंब सांडू देत नव्हता.

मग नमुने तपासून आले आणि मोजणी झाली. मी ती पुन्हा केली, कारण मला वाटलं माझं चुकलंय. बिलोली आणि किनवटमध्ये फरक नव्हता. आजीच्या ज्या खुणा लेकींत दिसल्या होत्या, त्या नातींत जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या होत्या. पाणी तोडल्यावर दोन्ही घराणी सारखीच माना टाकत होती. मी तुमच्या घरी आले. तुम्ही काकूंना म्हणालात, "सांग आता." काकूंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "बिलोली तहानलेली, किनवट पाणीवाली. माहेराला कशाला उपाशी ठेवीन मी?"

तुमचा अंदाज बरोबर होता. म्हणजे ती मोजणी तुम्ही केली असती, तर बिलोलीत काहीतरी शोधत बसला असता. हे तुम्हीच म्हणालात. नंतर आपण दोघं चहाकडे बघत बसलो.

काकूंनी विचारलं, "कोण गेलं का?"

तुम्ही सांगितलंत. नातीपर्यंत काही पोचत नाही, पुसलं जातं.

"मग बरं झालं की! झाड आपली तहान नातीच्या गळ्यात बांधत न्हाई, अन् तुम्ही दोघं तोंड पाडून बसले. शिकलेल्याचं कायतरीच असतं."

तुम्ही हसलात. पण मला दिसलं होतं, सर, तुमचा हात टेबलावर कसा पडून होता ते.

नातींचा पेपर कुणी घेतला नाही. 'काही सापडलं नाही' हे वाचायला कुणाला वेळ नसतो. लेकींवरच अजून एक पेपर लिहू, तो नक्की छापतील, असं मी एकदा सुचवलं. तुम्ही म्हणालात, "अर्धं खरं सांगायला मला अजून भीती वाटते. तुझ्या वयात वाटत नसेल." असं टोचून बोलण्यात तुमचा हात कुणी धरू शकलं नसतं. नातींचा पेपर तुम्ही पुन्हा लिहिलात, पुन्हा पाठवलात. मी चिडले होते. आता त्या चिडण्याचाही कंटाळा आलाय.

एक भांडण मात्र बाकी आहे. ते एसटीतलं. शनिवारी आपण तिघं लातूरहून नांदेडला आपापल्या घरी यायचो. अहमदपूर यायच्या आत काकूंना झोप लागायची. त्या दिवशी मी स्वतःहून बोलायला सुरुवात केली, म्हणून तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत.

"सर, ज्वारीत पुसलं जातं म्हणून माणसांतही पुसलं जात असेल असं कशावरून?"

"माणसांतलं मला माहीत नाही. ज्वारीतलं माहीत आहे."

मग मी तुम्हाला ते सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही, आणि इथंही थोडक्यातच लिहिणार आहे. माझी आजी तोंडावर पदर धरून बोलायची, बोलणं संपेपर्यंत. माझी आई आडनाव सांगताना आवाज खाली आणते. आणि मी वर्गात उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही. तुमच्याकडे येण्याआधी मी कुठंतरी वाचलं होतं, की सोसलेलं रक्तात उतरतं. ते वाचून मला फार हलकं वाटलं होतं. म्हणजे हा माझा भित्रेपणा नव्हता. आजीकडून आलेली फुली होती.

तुम्ही घडी घातलेलं वर्तमानपत्र पिशवीत सरकवलंत. मग आवाज न चढवता म्हणालात, "आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या रक्तावरूनच ओळखलं. त्यातून सुटायला माझ्या बापानं धम्म घेतला. आता मी प्रयोगशाळेत बसून परत रक्तच दाखवू? बघा, यांच्या पेशीतच आहे, हे असेच?" आणि थोडं थांबून: "तुझं न बोलणं तुझं आहे. ते आजीच्या माथी मारू नको."

मी खिडकीकडे तोंड केलं. तुम्हाला वाटलं असेल, मला लागलं. लागलंच होतं. लोह्याच्या स्टँडवर तुम्ही खाली उतरून भजी आणलीत आणि कागद माझ्यापुढे धरलात. मी एक घेतलं. त्या भांडणाचं आपण एवढंच केलं. मग तुमचं आजारपण आलं, आणि आजारी माणसाशी अशा विषयावर कोण वाद घालतं?

काल संध्याकाळी तुमच्या नांदेडच्या घरी सगळे जमले होते. बिलोलीकडच्या तुमच्या गावाहून थोरले भाऊ आले होते, सुमेधचे वडील. सुमेधनं भाषण वाचून दाखवलं. तो चांगलं वाचतो. त्या वाक्यावर आला तेव्हा खोलीत हुंकार उठले आणि थोरल्या भावांनी डोळे पुसले. मी दाराजवळच्या खुर्चीत होते. मला वाटलं, असू दे. कुणाचं काय बिघडतंय? ऐकणाऱ्यांना आधार वाटतोय, तुमचं नाव मोठं होतंय. मलासुद्धा ते वाक्य आवडलं होतं, सर. एकेकाळी त्यावरच तर मी उभी होते.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, मोजलं तर तू व्हतंस. ह्ये खरं हाय का?"

सगळ्यांनी मान वळवली. खरंच त्या ठिकाणी दुसरं कुणी नव्हतं, ज्यानं मोजलं होतं.

"नाही, काकू," मी म्हटलं.

"ताई, मी स्वतः पेपर वाचलाय," सुमेध म्हणाला.

"लेकींचा वाचलाय. नातींचा कुणी छापलाच नाही. नातींत काही उरलं नव्हतं."

"मग काकांनी एवढी वर्षं केलं काय?"

त्यात टोमणा नव्हता. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता. थोरले भाऊ म्हणाले, "म्हंजी माझा भाऊ हरला म्हणायचं का?"

मी म्हटलं, "नाही, दादा. त्यांना जे हवं होतं ते सापडलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. हे फार थोडे लोक करतात." एवढं एका दमात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मग उठून काकूंच्या हातातला ट्रे घेतला.

"काढ रं ते वाक्य," काकू सुमेधला म्हणाल्या. "ज्या गोष्टीपायी त्येंनी आम्हाला बिनपाण्याचं ठेवलं, ती तरी नीट सांगा."

सुमेध मला रिक्षापर्यंत सोडायला आला. कोपऱ्यावर थांबला. मग म्हणाला, "ताई, मला ते वाक्य पाहिजे होतं. मी कोर्टात उभा राहतो ना, एखाद्यानं साधं नाव विचारलं तरी डोकं सणकून येतं. एवढा राग माझ्या एकट्याचा असेल असं वाटत नाही."

"मलाही पाहिजे होतं," मी म्हटलं.

त्यानं वाक्य काढलंय. आज सकाळी त्यानं तसं कळवलं.

आता राहिलेलं सांगते. त्या दिवशी खिडकीकडे तोंड केलं तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. लोह्यापर्यंत मी ते मनात जुळवत होते. भजं खाल्लं आणि त्याबरोबर ते उत्तरही गिळून टाकलं. उत्तर असं होतं: तुमच्या ज्वारीतल्या खुणा पुसल्या गेल्या हे खरं, मीच मोजलं. पण त्या पुसल्या गेल्या, कारण आजीनंतर त्या घराण्याला कुणी तहानलेलं ठेवलं नाही. तुम्ही कॅन वाहिलेत. माणसांना तसं पाणी कुणी घातलं? आडनाव ऐकून शेजारच्या बाकावरची मुलगी सरकून बसली, ती आजीच्या काळात नव्हे. माझ्या वर्गात, माझ्या शेजारी. तेव्हा माझं न बोलणं आजीचं नाही, हे मला कबूल आहे. पण ते एकट्या माझंही नाही, सर. तिथं तुम्ही चुकलात.

एवढंच म्हणायचं होतं. यावर तुम्ही काय म्हणाला असता याचा मला अंदाज आहे, पण तो मी लिहीत नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्या तोंडी वाक्यं घालणारे पुष्कळ झालेत. हे मी माझ्याच नावावर ठेवते. तुमची बाजू कोरी सोडली आहे.